दयारा बुग्याल: पायाखालची बुरशी

ऋषिकेशहून निघाल्यावर दिवसभर नुसती वळणं. दयाराच्या पायथ्याच्या रैथल गावात पोचेपर्यंत अंधार पडला होता. होमस्टेतल्या काकूंनी मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, गरम भाकरी आणि राजमा वाढला आणि प्रवासाचा शीण उतरला. रैथलचं आदरातिथ्य मला हॉटेलांपेक्षा शंभर पटींनी आवडलं. पुढचा मुक्काम वाटेतल्या गोईला, कारण बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणावर, तंबू ठोकता येत नाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, आणि ते योग्यच झालं.

दयारा ११ हजार फुटांच्या वर आहे. समोर बंदरपूंछ शिखर, खाली लांबवर पसरलेलं गवत. पण माझा सगळा वेळ एका घळीपाशी गेला. तिथे गढवालचा एक संशोधक विद्यार्थी मातीचे नमुने घेत बसला होता. काय करतोयस विचारलं, तर म्हणाला, "दीदी, बैठिए, दिखाता हूँ."

त्याने दोन ढेकळं घेतली. एक गवताखालचं, काळंभोर. त्यातली मोठी मुळं त्याने आधीच निवडून काढली. दुसरं घळीच्या उघड्या कडेचं, पिवळट. पाण्याने भरलेल्या दोन स्टीलच्या ग्लासांत ती अलगद सोडली. पिवळट ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. काळं मात्र तसंच. आमचा चहा पिऊन झाला तरी तसंच!

मातीचे कण असे धरून ठेवण्यात मोठा वाटा बुरशीचा. तिचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे मूळ शिरत नाही तिथे ते शिरतात, गवताला फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. या देवाणघेवाणीत तंतू आणि त्यांचा चिकट स्राव मातीला बांधून ठेवतात. उंच हिमालयातल्या कोब्रेसिया या गवतासारख्या वनस्पतीच्या मुळांवर तर बुरशीचं आवरणच असतं, जे सहसा झाडांच्या मुळांवर आढळतं.

गवत उखडलं की या बुरशीचं अन्नच तुटतं, जिवंत मुळाशिवाय ती जगू शकत नाही. मेलेल्या काडीकचऱ्यावर जगणाऱ्या आणि मुळांना रोग लावणाऱ्या बुरशा मात्र तग धरतात. त्यामुळे नुसते प्रकार मोजले तर फारसा फरक दिसेलच असं नाही. फरक असतो तो कोण उरलं यात. मग नवं बी टाकलं तरी रोपाला जोडीदार मिळत नाही, आणि इथे वाढीला बर्फाविना मिळतात जेमतेम चार-पाच महिने.

घळ पडते कशी, तेही डोळ्यांसमोर होतं. खेचरांच्या टापांनी वाट खोल जाते, पावसात तीच ओढा होते. माणसं चिखल चुकवायला शेजारच्या गवतावरून चालतात, की दुसरी वाट. मग तिसरी. वनखात्याने काही घळींत काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आहेत, पिरूल म्हणजे चीडच्या सुया भरून बांध घातले आहेत. काथ्या कुजून मातीत मिसळतो, प्लास्टिकसारखा उरत नाही. जाळीतून वर आलेली कोवळी पाती मी हात लावून पाहिली.

तेवढ्यात वरून मोठा ग्रुप आला. मराठीच होते. "अरे इकडून या, इकडे चिखल नाहीये!" आणि सगळेच्या सगळे गवतावर. मी उठून त्यांना थांबवलं, ते ग्लास दाखवले. काही जण लगेच वाटेवर आले, काहींनी "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत चालणं चालू ठेवलं. मला मनापासून राग आला. ट्रेकसाठी हजारो रुपये मोजतो, सह्याद्रीत घोटाभर चिखल तुडवतो, मग इथेच बूट जपायचे?

आणि तक्रार फक्त त्यांच्याबद्दल नाही. गोईला आमच्या म्होरक्याने आदल्या रात्री तासभर सूचना दिल्या होत्या: पाणी किती प्यायचं, डोकं दुखलं तर काय करायचं, कचरा खाली आणायचा. चिखल असला तरी वाट सोडू नका, हे एक वाक्य त्यात नव्हतं.