नाशिक–घोटी–साम्रद पिकअपने: हौदा रिकामा ठेवून जाऊ नका

‘एसयूव्हीसारखीच चालते’ हे विक्रेत्याचं वाक्य डबल कॅब पिकअपला (सीटच्या दोन रांगा, मागे सामानाचा उघडा हौदा) लागू पडतं ते फक्त महामार्गावर. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती एक फेरी मारली की फरक कळतो.

नाशिक ते घोटी सरळ रस्ता, सांगण्यासारखं काही नाही. घोटीत डिझेल भरून घ्या. बारीमार्गे भंडारदऱ्याजवळच्या शेंडीपर्यंतचा चढही सुखाचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जराही धापत नाही, आणि या गाडीची खरी मजा तिथेच आहे.

त्रास शेंडी–रतनवाडी–साम्रद या पट्ट्यात. रस्ता अरुंद, खड्डे पाण्याने भरलेले, खोली दिसत नाही. मागचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) ओझं वाहायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते वाकतच नाहीत. चाक खड्ड्यातून उसळतं आणि हवेत असताना पकड सुटते. टू-व्हील ड्राइव्हमध्ये जोर फक्त मागच्याच चाकांना जातो, त्यामुळे ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तरी गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं.

उपाय एकच, वजन. वाळूची 25-25 किलोची चार पोती किंवा कांद्याच्या दोन भरलेल्या गोण्या पुरतात. त्या चाकांच्या दोन कमानींच्या मधोमध, बरोबर ॲक्सलवर ठेवा आणि हौद्याच्या कड्यांना दोरीने आवळा. फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराकडे, ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग सैल लागतं. आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढीच तुमची मर्यादा. त्यात माणसंही मोजायची.

ओलं डांबर दिसलं म्हणून फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचे गिअर) लावू नका. पार्ट-टाइम, म्हणजे हवं तेव्हाच लावायच्या, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात, घट्ट वळणावर गाडी अडते आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) येतो. फोर-हाय चिखल आणि सैल खडीसाठी. फोर-लो (चारही चाकांना जोर, पण संथ आणि दमदार गिअर) लावायचं तर गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलमध्ये घ्या, दिवा स्थिर झाल्यावरच निघा. खडकाळ भागात टायरची हवा 28 पीएसआयपर्यंत उतरवली तर चालेल, पण वेग कमी ठेवा आणि डांबर लागताच 12 व्होल्टच्या पंपाने दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरा.

लांबीचा अंदाज आधीच घ्या. टोयोटा हायलक्स 5325 मिमी, इसुझू व्ही-क्रॉस 5295 मिमी, म्हणजे इनोव्हा क्रिस्टापेक्षा जवळपास दोन फूट जास्त. समोरून एसटी आली तर मागे घेण्याची जागा आपणच शोधायची. नाशिकच्या रविवार कारंजा, भद्रकालीत तर ही गाडी नेऊच नये.

फाळक्याच्या फटीतून धूळ आणि पाणी दोन्ही आत येतात, हौद्यावर झाकण असलं तरी. कडेने रबरी पट्टी चिकटवा, सामान ताडपत्रीत बांधा. मागची सीट ताठ आहे. कंबरदुखी असलेल्या माणसाला तिथे बसवू नका.

आता टोल. आरसीवर वर्ग ‘मोटार कार’ असेल तर फास्टॅग जांभळा, वर्ग 4 चाच (मोटारींचा) हवा. नारिंगी टॅग हलक्या मालवाहू गाड्यांचा, आणि हौदा बघून तोच दर लावला जाऊ शकतो. पहिल्याच नाक्यानंतर एसएमएसमधली रक्कम पाहा. जास्त कापली असेल तर आरसीचा फोटो जोडून टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवा आणि 1033 या महामार्ग हेल्पलाइनवरही कळवा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, परतीच्या नाक्यावर तीच पुन्हा कापली जाते.