पर्वताचे न दिसणारे मूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे पत्र आले. स्नेहसंमेलने, सहली आणि छडीचे प्रसाद यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, म्हणून मी भूगोलाच्या एकाच पाठाविषयी लिहीत आहे. वली पर्वत शिकवताना बाईंनी पाठ्यपुस्तकातले दोन भूखंडांच्या टकरीचे वाक्य वाचून दाखवले आणि पुस्तक मिटून विचारले, "वर उचलले गेले, हे मान्य, पण एवढा भार खाली खचत कसा नाही?" वर्ग गप्प राहिला. पुढे भूशास्त्र हाच माझा विषय झाला, आणि पर्वतांविषयी विचारण्याजोगा मुख्य प्रश्न तोच, असे माझे आजही मत आहे.

भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत होता तेव्हा त्याच्यापुढे टेथिस समुद्र पसरलेला होता. त्याच्या तळाचे बेसॉल्टी कवच जड असल्याने ते आशियाच्या कडेखाली वाकून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जड खडकांच्या थरात, शिरत राहिले आणि समुद्र अरुंद होत होत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी खंडाला खंड भिडला. खंडाचे कवच मात्र हलके. ते सहजासहजी बुडत नाही, आणि मागचा रेटा तर थांबत नाही. अशा वेळी दुमडणे, प्रस्तरभंगांवरून एकाच्या अंगावर दुसरे चढणे आणि जाड होत जाणे, एवढेच त्याच्या हाती उरते. टकरीपूर्वी वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास पोचलेला वेग आज ५ सेंटिमीटरच्या आत आहे. त्यातले साधारण २ सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात आणि साठलेला ताण १९३४ च्या बिहार-नेपाळ किंवा २०१५ च्या नेपाळमधील भूकंपासारख्या धक्क्यांतून मोकळा होतो.

त्या समुद्राचा पुरावा आमच्या भूगोलाच्या कपाटातच होता. बाईंनी दुभंगलेला एक शाळिग्राम बाकांवरून फिरवला. काळ्या दगडाच्या पोटात वेटोळे घातलेल्या शंखाचा ठसा होता आणि त्याचे बारीक कंगोरे बोटाला स्पष्ट लागत होते. तो अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म, काली गंडकीच्या पात्रात मिळणारा. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रतळाशीच तयार झालेला आहे, हे ऐकल्यावर तो दगड कुणी लवकर पुढे सरकवेना.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र खडकातून नव्हे, ओळंब्यातून मिळाले. एकोणिसाव्या शतकातल्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि त्याच्या उत्तरेचे कलियाना या ठाण्यांमधले अक्षांशांतर जमिनीवरच्या मोजणीने एक आणि ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे येत होते, तफावत ५.२४ सेकंदांची (कोनाच्या, वेळेच्या नव्हे), म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरहून थोडी अधिक. वेध घेताना उभी रेषा ओळंब्यानेच ठरते आणि हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतो, हे कारण उघड होते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन (ख्रिस्ती धर्माधिकारी) जॉन प्रॅट यांनी पर्वतराशीचे वस्तुमान धरून गणित केले, तेव्हा तफावत जवळजवळ १६ सेकंदांची यायला हवी होती. एवढा प्रचंड पर्वत, आणि त्याची ओढ अपेक्षेच्या एक तृतीयांश! १८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. डोंगराखाली जड प्रावरणाच्या जागी हलक्या कवचाचे खोल मूळ असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दाखलाही त्यांचाच: पाण्यावरच्या तराफ्यातला जो ओंडका सर्वांत उंच दिसतो, तोच सर्वांत खोल बुडालेला असतो.

हा हिशेब शाळकरी विद्यार्थ्यालाही जमण्यासारखा आहे. कवचाची घनता घन सेंटिमीटरला २.८ ग्रॅम आणि प्रावरणाची ३.३ ग्रॅम धरली, तर ५ किलोमीटर उंचीच्या पठाराला तोलून धरण्यासाठी सुमारे २८ किलोमीटरचे मूळ लागते. त्यात सर्वसाधारण कवचाचे ३५ किलोमीटर आणि वरचे ५ मिळवले की ६८ होतात. तिबेटच्या पठाराखाली भूकंपलहरींनी मोजलेली जाडीही ७० किलोमीटरच्या घरातलीच आहे. इतक्या ढोबळ गणिताने निसर्गाच्या इतके जवळ जाता यावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

आल्प्स आणि इराणमधला झाग्रोस याच, खंडांच्या टकरीतून उभ्या राहिलेल्या जातकुळीतले. उरल फार जुना, नद्यांनी पुष्कळ झिजवलेला, तरी खालचे मूळ टिकवून आहे. अँडीजला मात्र या पंक्तीत बसवू नये. तिथे खंडाखाली समुद्रतळ शिरतो आहे आणि तरीही अल्टिप्लानोसारखे उंच पठार उभे आहे; म्हणजे कवच जाड होण्यासाठी दोन खंड भिडलेच पाहिजेत, असे नाही.

तिबेट आणखी उंच का होत नाही, याचेही उत्तर त्या जाडीतच आहे. जाड कवच आतून तापून मऊ पडते आणि एका मर्यादेपलीकडे स्वतःचाच भार पेलू शकत नाही. म्हणून दक्षिणेकडून रेटा चालू असतानाच पठार पूर्व-पश्चिम ताणले जात आहे. दक्षिण तिबेटमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेल्या खचदऱ्या त्या ताणामुळेच पडल्या आहेत.