बाबांची बॅटरी, नवऱ्याची बॅटरी

२०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या लॅपटॉपचं टचपॅड क्लिक व्हायचं बंद झालं. दाबलं की आतून कुणीतरी परत वर ढकलतंय असं वाटायचं. फराळाच्या दिवसांतही काम डायनिंग टेबलवरच चालायचं, त्यामुळे चिवड्यातला शेंगदाणा आत गेला असणार, अशी माझी खात्री होती. दोन दिवस मी तो लॅपटॉप उलटा धरून झटकत होते. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

राममारुती रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने तो काउंटरवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप डुगडुगला. "शेंगदाणा नाही मॅडम, बॅटरी फुगलीय." खालचं झाकण उघडलं, तर आतल्या चपट्या पाकिटांपैकी दोन टम्म झालेली. "कायम चार्जरला लावलेला असतो ना?"

असायचा. मार्च २०२० पासून, अहोरात्र. आणि तेही बाबांच्या सांगण्यावरून.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. तिथल्या बॅटरी रूमबद्दल ते देवघराबद्दल बोलावं तसे बोलतात. २-२ व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले, मिळून ४८ व्होल्ट. शहराची लाइट गेली तरी डायल टोन जाता कामा नये, म्हणून ते सेल चोवीस तास चार्जरला. "बॅटरी उतरू द्यायची नसते गं, उतरली की मेली," हे मी फ्रॉकात असल्यापासून ऐकत आले. शिशाच्या बॅटरीबाबत ते अगदी खरं आहे. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढे ती पूर्वीइतकी भरतच नाही.

नवरा दुसऱ्या पंथाचा. त्याचा पहिला मोबाइल नोकिया ३३१०, आणि त्यासोबत दुकानदाराने दिलेला कानमंत्र: पहिल्यांदा आठ तास लाव, नंतर पूर्ण उतरल्याशिवाय लावू नकोस, नाहीतर बॅटरीला सवय लागते. ही सवयसुद्धा कुणी हवेतून काढलेली नाही. निकेल-कॅडमियमची बॅटरी पुन्हापुन्हा अर्ध्यावरून भरत राहिलं, तर काही वेळा ती पुढे अर्ध्यावरच मान टाकायची. मेमरी इफेक्ट म्हणतात तो हाच. ३३१० मध्ये निकेल-मेटल हायड्राइड असायची, तिला हा त्रास त्याहून कमी. तो फोन केव्हाच गेला, मंत्र मात्र राहिला. पाच टक्के झाल्याशिवाय हा माणूस चार्जर शोधायला उठायचा नाही.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची लाइट एकदम गेली. नवऱ्याचा फोन ७ टक्क्यांवर, लॅपटॉप ११ वर, आणि साडेदहाला ऐरोलीच्या ऑफिसची मीटिंग. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि हॉलमधला एकच प्लग. त्यावर राउटर आणि माझा लॅपटॉप, तोही १०० टक्के. बाबा आरामखुर्चीतून "भरून ठेवायची असते" एवढंच म्हणाले. त्या दिवशी घरात त्यांचा पंथ जिंकला आणि मी आणखी भक्तिभावाने चार्जर लावून ठेवायला लागले. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

नवीन बॅटरीचे पैसे मोजल्यावर डोळे उघडले आणि मी जरा शोधाशोध केली. हसू आलं ते याचं, की दोघांचंही बरोबर होतं, फक्त बॅटरी दुसरीच होती. आमच्या फोन-लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्यामागच्या कामासाठी २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिला मेमरी इफेक्टचा जाच नाही, त्यामुळे तळाला नेण्याची गरज नाही. आणि काठोकाठ भरून ठेवलेलंही तिला सोसत नाही. १०० टक्क्यांना साधारण ४.२ व्होल्टचा ताण असतो. त्या ताणात महिनोन् महिने राहिली की आतलं द्रावण बिघडत जातं, थर साचतात, वायू सुटतो. उष्णता असेल तर हे सगळं झपाट्याने होतं. माझ्याकडे दोन्ही होतं. टेबलाच्या काचेवर ओरखडे नकोत म्हणून मी खाली जाड टेबलक्लॉथ घातलं होतं आणि लॅपटॉपच्या हवा घ्यायच्या जाळ्या त्यातच बुडलेल्या.

मग रात्रभर फोन चार्जिंगला लावला तर? बॅटरी 'ओव्हरचार्ज' होत नाही, भरली की आतलं सर्किट प्रवाह थांबवतं. नुकसान होतं ते पूर्ण भरून तापत पडण्याने. लेक फोन उशीखाली ठेवून झोपते, त्यावर मात्र मी ओरडते. शेजारच्या काकू रात्रीचं चार्जिंग म्हटलं की अजून स्फोटाचं बोलतात. त्यांची भीती ऑगस्ट २००७ ची आहे. तेव्हा नोकियाने बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, मात्सुशिताने ठरावीक काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगमध्ये तापू शकतात म्हणून. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात जो तो फोनचं मागचं झाकण काढून बारीक अक्षरं वाचत बसलेला. म्हणजे काकूंची अफवासुद्धा एका बॅटरीची खरी गोष्टच.

"सारखा सारखा लावलास तर बॅटरीची सायकल संपते," ही नवऱ्याची शेवटची तटबंदी होती. पण सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के भरणं: आज ४० टक्के भरली, उद्या ६० भरली, की मिळून एक सायकल. दिवसातून तीनदा थोडं थोडं लावलं म्हणून तीन मोजत नाहीत. उलट थोडं उतरवून थोडं भरणं तिला सोपं जातं. बॅटरी फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटलेत मला. बाहेर काढल्यावर ठाण्याच्या दमट हवेत तिच्यावर पाणी सुटणार, यापलीकडे त्यावर काय बोलणार?

एक मात्र मीच घालवलं. लेकीचा जुना टॅब शून्यावर बंद पडला तसाच कपाटात टाकला. आठ महिन्यांनी काढला तर जिवंत होईना. स्क्रीनवरचा शून्य हा खरा तळ नसतो, थोडी शिल्लक ठेवून यंत्र बंद होतं. पण तीही हळूहळू झिरपते आणि फार खाली गेली की सर्किट तिला भरूच देत नाही. ठेवायचाच होता तर निम्मा भरून ठेवायला हवा होता.

फुगलेली बॅटरी दुरुस्तीवाल्याने झाकण नसलेल्या पत्र्याच्या डब्यात, वाळूवर ठेवली. "दाबायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत तर अजिबात टाकायची नाही," म्हणाला. ती त्याच्याकडून ई-कचरावाल्याकडे जाते. झटकाझटकीचं मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता माझा लॅपटॉप ८० टक्क्यांवर थांबतो, तशी सेटिंग त्यात आधीपासूनच होती. नवरा वीस-पंचवीसवर चार्जर शोधतो, जरा नाखुशीने. बाबांच्या फोनलाही मी ८० ची मर्यादा घातली, तर तिसऱ्या दिवशी हाक आली, "अगं, माझे वीस टक्के कुठे गेले?" त्यांना समजावलं. ऐकून घेतलं, आणि इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला गेले. तिथे त्यांचाच नियम चालतो, तिथे मी बोलत नाही.

परवा बघितलं तर त्यांच्या फोनची मर्यादा गायब आणि चार्ज १०० टक्के. "उद्या पेन्शनच्या कामाला बँकेत जायचंय," म्हणाले, "रांग किती असेल सांगता येत नाही."

बँकेत जाताना शंभर ठीक आहे. मी चार्जर काढून त्यांच्या पिशवीत ठेवला.