एक ठिपका, दोन अंतरं

गेले काही आठवडे मी एका ठिपक्याच्या मागे लागलेय. जेम्स वेब दुर्बिणीच्या बऱ्याचशा इमेजेस आर्काइव्हमधून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, त्यातल्याच एका तुकड्यात अगदी कोपऱ्यात हा सापडला. झूम केलं की जेमतेम पाच-सहा पिक्सेल रुंद. १.५ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये (म्हणजे त्याच्या आसपासच्या तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यवस्थित दिसतो, २ मध्ये दिसतो, २.७७ मध्येही दिसतो, पण १.१५ ची इमेज उघडली की तिथे काहीच नाही. शेजारच्या दीर्घिका सगळ्या जागच्या जागी आणि हा एकटा गायब. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही इमेजेस मागेपुढे करून कितीतरी वेळ बघत बसले होते.

असं गायब होण्याला फार अर्थ आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात दीर्घिकांमधल्या जागेत उदासीन हायड्रोजन पसरलेला होता आणि तो ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ सगळा गिळतो. विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे ही कापलेली कड इथपर्यंत येता येता ताणली जाते, किती ताणली गेली ते म्हणजेच रेडशिफ्ट, तो जितका मोठा तितकी दीर्घिका लांबची आणि तितक्या आधीच्या काळातली. रेडशिफ्टमध्ये एक मिळवायचा आणि ०.१२१६ ला त्याने गुणायचं, कड कुठे येणार ते कळतं. रेडशिफ्ट १० असेल तर ती येते १.३४ मायक्रॉनवर, म्हणजे १.१५ चा फिल्टर कोरा आणि १.५ मध्ये उजेड. माझ्या ठिपक्याचं बरोब्बर तसंच आहे!

पण थांबा. ताऱ्यांच्या प्रकाशात अशीच एक पायरी ०.३६४६ मायक्रॉनलाही असते, बामर ब्रेक म्हणतात तिला, आणि रेडशिफ्ट २.७ च्या दीर्घिकेत ती पायरी येते, परत, जवळजवळ तिथेच, १.३५ मायक्रॉनवर. म्हणजे हाच ठिपका महास्फोटानंतर ५० कोटी वर्षांच्या आतबाहेरचा असू शकतो किंवा चांगला अडीच अब्ज वर्षांनंतरचा, आणि दोन्हींत फरक करायला माझ्याकडे पाच-सहा फिल्टरचे आकडे आहेत फक्त.

ते आकडे काढणं हीच मुळात किती नाजूक गोष्ट आहे हे स्वतः केल्याशिवाय मला कळलं नव्हतं. वेबचे रंगीत फोटो आपण बघतो ते नंतर जुळवलेले असतात, मुळात प्रत्येक फिल्टरची इमेज वेगळी, काळी-पांढरी, आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये एक आकडा. ठिपक्याभोवती एक छोटं वर्तुळ काढायचं आणि आतल्या आकड्यांची बेरीज करायची, ऐकायला सोपं वाटतं. पण त्या बेरजेत आकाशाचाही उजेड असतो, कारण रिकामं आकाश रिकामं नसतं, आपल्याच सूर्यमालेतली धूळ सूर्याचा प्रकाश पसरवत असते, वर दुर्बिणीची आणि डिटेक्टरची स्वतःची भर असते. ते वजा करायचं म्हणून मी वर्तुळाबाहेर एक कडं घेतलं, तर त्या कड्यात शेजारच्या मोठ्या दीर्घिकेची फिकट कड घुसली होती, त्यामुळे आकाश जास्त उजळ धरलं गेलं आणि माझा ठिपका आहे त्याहून मंद निघाला. कडं सरकवलं, आकडा बदलला. अजून सरकवलं, परत बदलला.

त्यात प्रत्येक फिल्टरमध्ये ठिपका सारखाच पसरत नाही. वेबचा आरसा ६.५ मीटरचा, तो सगळ्या फिल्टरना एकच, पण तरंगलांबी वाढली की प्रतिमा पसरते. २ मायक्रॉनला साधारण ०.०७ आर्कसेकंद आणि ४.४४ ला ०.१५ च्या आसपास, म्हणजे दुप्पट. (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग.) एकच वर्तुळ दोन्हीकडे लावलं तर ४.४४ मध्ये बराच प्रकाश वर्तुळाबाहेर सांडतो आणि दीर्घिका आहे त्याहून निळी वाटते. म्हणून आधी स्पष्ट इमेज मुद्दाम धूसर करून घ्यायची, सगळ्या फिल्टरचा धूसरपणा एकसारखा झाला की मग मोजायचं. इतकी जीव ओतून बनवलेली स्पष्ट इमेज आपल्याच हाताने धूसर करताना मला खरंच वाईट वाटलं होतं, पण त्याशिवाय रंग खरा येत नाही, आणि रंग चुकला की अंतर चुकलं, आणि अंतर चुकलं की पुढचं सगळंच बोंबललं.

अंतर चुकतं म्हणजे किती चुकतं, तर सीअर्स-९३३१६ चं बघा. २०२२ मध्ये वेबचा डेटा यायला लागला आणि काही आठवड्यांतच ही दीर्घिका जाहीर झाली, फिल्टरच्या आकड्यांवरून रेडशिफ्ट सुमारे १६.४, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २४ कोटी वर्षं. तेव्हाच काही जणांनी सांगितलं होतं की ही धुळीने भरलेली, ५ च्या आसपासचीही असू शकते. २०२३ मध्ये वेबनेच तिचा वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार बारीक फोडून बघितला, आणि रेडशिफ्ट निघाला ४.९. महास्फोटानंतर साधारण १२० कोटी वर्षं.

झालं होतं असं की धुळीमुळे कमी तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये ती दिसतच नव्हती, हुबेहूब कड कापल्यासारखी. आणि तिच्यातल्या तापलेल्या वायूच्या रेषा, म्हणजे ठराविक तरंगलांबींवरच चमकणारा उजेड, फार जोरदार होत्या. ऑक्सिजनची ०.५००७ मायक्रॉनची रेषा घ्या, ५.९ ने गुणा, २.९५ येतं, ते २.७७ च्या फिल्टरमध्ये पडतं. हायड्रोजनची ०.६५६३ ची रेषा येते ३.८७ ला, आणि तिथे तीन फिल्टरच्या कडा एकमेकींवर चढलेल्या आहेत, त्यामुळे एकच रेषा तिन्हींना उजळवते. चारही फिल्टर असे फुगले की मूळची लाल दीर्घिका निळसर, तरुण, खूप लांबची दिसायला लागली. हे गुणाकार मी स्वतः वहीत करून बघितले आणि अंगावर काटा आला. कुणी घाईत काम केलं नव्हतं, आकडे बरोबरच होते, नेमक्या त्याच रेडशिफ्टला रेषा नेमक्या त्याच जागी पडल्या.

पण म्हणून नुसत्या इमेजवर विसंबताच येत नाही असंही नाही हां. जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका आधी इमेजमधूनच निवडलेली, आणि तिच्यावरही शंका होतीच, कारण ती भलतीच तेजस्वी होती आणि अगदी खेटून दुसरी एक जवळची दीर्घिका दिसत होती. २०२४ मध्ये वर्णपट आला, १४.३ च्या आसपास, मग चिलीतल्या आल्मा दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजनची रेषा सापडली आणि आकडा पक्का झाला १४.१८. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि ऑक्सिजन! म्हणजे त्याच्या आधी ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून मरूनही गेलेली.

अंतर पक्कं झालं तरी वस्तुमानाचा प्रश्न उरतोच. लालपणा म्हाताऱ्या ताऱ्यांमुळेही येतो आणि धुळीमुळेही, थोड्या फिल्टरांत दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय लहान तारे दिसत नाहीत, ते किती असतील ते गृहीत धरावं लागतं. लहान-मोठे तारे कुठल्या प्रमाणात जन्मतात त्याचं सालपीटर या खगोलशास्त्रज्ञाचं १९५५ चं वाटप धरलं तर जे वस्तुमान येतं, शाब्रिएचं २००३ चं धरलं की त्याच्या साधारण ६० टक्केच येतं, प्रकाश तोच. त्यामुळे "सूर्याच्या एक अब्ज पट" असं कुठे वाचलं की मी आधी बघते की कुठलं वाटप धरलंय.

आकाराचं तर विचारूच नका. रेडशिफ्टमध्ये एक मिळवून चौथा घात घ्यायचा, तितक्या पटीने पृष्ठभागाची तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड, मंदावते, रेडशिफ्ट ९ ला दहा हजार पट. बाहेरचा विरळ भाग आकाशात बुडून जातो आणि आपण नुसता गाभा मोजत बसतो.

माझ्या ठिपक्यासाठी प्रत्येक रेडशिफ्टला आकडे किती जुळतात त्याचा आलेख काढलाय. दोन उंचवटे आले, एक १० जवळ, एक २.७ जवळ, १० वाला थोडा उंच. मन त्याच्याकडेच ओढ घेतंय हे मला कळतंय, म्हणून वहीत दोन्ही लिहून ठेवलेत. आकाशाच्या त्याच तुकड्याच्या हबलच्या जुन्या इमेजेस आहेत, ०.६ आणि ०.८ मायक्रॉनच्या, त्या उतरवायला लावल्यात. तिथे त्या जागी किंचित जरी खराखुरा उजेड सापडला तर १० वाला उंचवटा खोडायचा.