लिडकमच्या आजी आणि न जिंकणारे वाघ

सिडनीचं ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज आणि ब्लू माउंटन्स यांवर लिहिणाऱ्यांची कमी नाही, म्हणून ते सगळं बाजूला ठेवते. मला लिहायचंय लिडकमबद्दल. शहराच्या पश्चिमेच्या या उपनगरात माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या इमारतीला लागून एक जुनं बैठं घर आहे, भिंती ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पातळ पत्र्यांच्या. अशा घरांना इथे ‘फायब्रो’ म्हणतात. महायुद्धानंतर कामगारवस्तीत ती भराभर उभी राहिली आणि आता तितक्याच वेगाने पाडली जातायत. दादाचा फ्लॅटही अशाच एका घराच्या जागेवर आहे, हे तो फारसं सांगत नाही.

त्या बैठ्या घरात एक आजी राहतात. दादा-वहिनी त्यांना सरळ नावाने हाक मारतात, इथली रीतच तशी. माझी काही जीभ वळेना, मी आपलं ‘आजी’च म्हणत राहिले आणि त्यांनाही ते आवडलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन मफलर शेजारी-शेजारी टांगलेत, एक काळा-पांढरा आणि एक काळा-केशरी. काळा-पांढरा त्यांचा स्वतःचा, म्हणजे वेस्टर्न सबर्ब्स मॅगपाईजचा. केशरी त्यांच्या दिवंगत यजमानांचा, म्हणजे बालमेन टायगर्सचा. दोन्ही रग्बी लीगचे संघ, दोन्ही 1908 साली स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनचे.

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ. सहा वेळा पकडले जाण्याच्या आत चेंडू घेऊन पलीकडची रेघ गाठायची, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. आपल्या डोळ्यांना त्यात बरीचशी कबड्डी दिसते. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी म्हणून मूळ रग्बीपासून फारकत घेतली, त्यातून हा खेळ जन्मला. सिडनीतही तो कामगारवस्त्यांनीच उचलून धरला.

आजींचा जन्म 1953 चा. मॅगपाईजनी शेवटचं विजेतेपद मिळवलं 1952 मध्ये! “मी आले आणि यांचं नशीब गेलं,” असं त्या चहा ओतता ओतता सांगतात. 1961, 62 आणि 63, लागोपाठ तीन अंतिम सामने मॅगपाईज हरले, तिन्ही सेंट जॉर्जकडून. 1963 च्या सामन्याला वडिलांनी दहा वर्षांच्या आजींना बरोबर नेलं होतं. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर इतका चिखल होता की कुणाचा सदरा कुठल्या रंगाचा ते कळेना. सामना संपल्यावर सेंट जॉर्जचा उंचापुरा कर्णधार नॉर्म प्रोव्हन आणि मॅगपाईजचा बुटका कर्णधार आर्थर समन्स चिखलाने माखलेले एकमेकांना भेटले, आणि एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकावर ज्या दोन माणसांचा पुतळा दिसतो, ती हीच. म्हणजे दरवर्षी जिंकणारा संघ जो चषक उंचावतो त्याच्यावर हरलेला एक मॅगपाय असतो. मला ही गोष्ट फार आवडली. आजींना त्यात काही विशेष वाटत नाही. सामना 8-3 असा गेला आणि रेफरीने आमचं नुकसान केलं, एवढंच त्यांच्या लेखी महत्त्वाचं.

यजमान बालमेनचे. त्यांनी 1969 मध्ये बलाढ्य साउथ सिडनीला 11-2 असं हरवून बालमेनला जिंकताना पाहिलं, आणि त्या एका विजयावर घरात जन्मभर टोमणे मारले. त्यानंतर बालमेनचीही रडकथाच. 1989 च्या अंतिम सामन्यात कॅनबेराविरुद्ध मध्यंतराला 12-2 अशी आघाडी होती, तरी जादा वेळेत 19-14 असे हरले. बालमेनच्या बेनी एलायसने मारलेला ड्रॉप गोल, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून गोलखांबांमधून लाथाडायचा फटका, आडव्या दांड्यावर आपटून परत आला होता. आजींची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती वडिलांच्या बाजूची, आणि त्या दांड्याबद्दल आजही हाताचे पंजे पसरून अंतर दाखवत बोलते.

मग आलं 1999. नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून खेळात मोठी भाऊबंदकी झाली, दोन स्पर्धा झाल्या, पुन्हा एक झाली, आणि 2000 साली फक्त चौदा संघ ठेवायचे ठरलं. ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनी एकत्र यायचं, नाहीतर घरी बसायचं. साउथ सिडनीला तर खरोखरच हाकललं. मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करून ते 2002 मध्ये परतले. मॅगपाईज आणि बालमेन यांनी नाइलाजाने हातमिळवणी केली. नाव ठरलं वेस्ट्स टायगर्स. अर्धं नाव यांचं, अर्धं त्यांचं. माझ्या मते हा निव्वळ हिशेबनिसांचा निर्णय होता, पण या घरात त्याने चमत्कार केला: नवरा-बायको पहिल्यांदाच एका बाजूला बसून सामने पाहू लागले. आजी मात्र आजही संघाला ‘वेस्ट्स’ म्हणतात, ‘टायगर्स’ म्हणत नाहीत.

2005 मध्ये या जोडसंघाने नॉर्थ क्वीन्सलंडला 30-16 हरवून विजेतेपद मिळवलं. वीस वर्षांच्या बेंजी मार्शलने धावता धावता पाठीमागून एका हाताने पॅट रिचर्ड्सकडे चेंडू उडवला, तो क्षण या घरात मला चार वेगवेगळ्या फोनवर दाखवण्यात आला. यजमान त्यानंतर काही वर्षांनी गेले, समाधानाने गेले असं आजी म्हणतात. संघ बाद फेरीत शेवटचा खेळला 2011 मध्ये. आजींचा नातू 2012 चा. “बघ, हाही माझ्यासारखाच,” आजी म्हणाल्या आणि नातवाने डोळे फिरवले. 2022 मध्ये संघ तळाला, 2023 मध्येही तळाला. शेवटच्या क्रमांकाला ‘वुडन स्पून’ म्हणतात. खराखुरा चमचा कुणी देत नाही, पण शाळेत नातवाच्या डब्यात कुणीतरी एक टाकला होता.

23 मार्च 2024 चा शनिवार. लायकार्ट ओव्हल या मैदानावर क्रोनला शार्क्सशी सामना. आजी, त्यांची मुलगी, नातू, मी आणि दादाची आठ वर्षांची लेक असे आम्ही निघालो. भाची नातवाच्या नादाने टायगर्सची झालेली, अंगात केशरी जर्सी. दादा आला नाही, त्याला आयपीएल पाहायचं होतं. सेंट्रलपर्यंत लोकल, तिथून लाइट रेल, म्हणजे ट्राम. उतरून पुढे पायी. वाटेत विटांची आणि लाकडाची टुमदार घरं. त्यांच्या किमती ऐकून मी गप्प झाले. पलीकडचं बालमेन एकेकाळी गोदी, कोळशाची खाण आणि साबणाच्या कारखान्याचं गाव होतं. साबणाच्या कारखान्यात आता फ्लॅट आहेत. यजमानांचं घराणं तिथलंच. बालमेनमध्ये या घरातलं आज कुणी राहत नाही, सामन्यापुरते पाहुणे येतात.

मैदान 1934 पासूनचं. एका बाजूला स्टँड, समोर गवताचा उतार, त्याला बालमेनच्या जुन्या कर्णधाराचं नाव, वेन पिअर्स हिल. नव्या स्टेडियमची चकचकी इथे नाही, स्वच्छतागृहाची रांग मात्र भरपूर. आम्ही उतारावर चादर पसरली. आजूबाजूला तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं, मीट पाय, टोमॅटो सॉस आणि कडवट बोलणं. “आता कसं हरायचं ते बघू,” असं माझ्या मागचा माणूस सामना सुरू व्हायच्या आधीच म्हणाला. तोच बेंजी मार्शल आता प्रशिक्षक, आणि प्रशिक्षक म्हणून त्याला अजून एकही विजय मिळालेला नव्हता.

आणि झालं भलतंच. 32-6. टायगर्स जिंकले, धुवून जिंकले.

मजा म्हणजे आमच्या चादरीवर कुणालाच काय करावं ते सुचेना. नातू आधी ओरडला, मग आईकडे बघून गप्प झाला, खात्री करून घेतल्यासारखा. त्याच्या आईने फोनवर गुणतक्ता उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. हरल्यावर काय बोलायचं हे या घरात सगळ्यांना पाठ आहे: रेफरी, दुखापती, 1989 चा दांडा. जिंकल्यावरचं बोलणं सरावाचं नव्हतं. आजींनी पिशवीतून थर्मास काढला, चहा ओतला आणि म्हणाल्या, “दुसऱ्या सत्रात पकडी ढिल्या होत्या.” परतीच्या ट्राममध्ये अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत होते, भाची माझ्या मांडीवर झोपली होती आणि आजी अजून त्या पकडींवरच होत्या.

मी पुण्याला परतले. संघाने त्या अख्ख्या वर्षात सहाच सामने जिंकले आणि तिसऱ्यांदा तळ गाठला. पश्चिमेकडेच, लिडकमच्याच रेल्वेमार्गावर असलेल्या पेनरिथने लागोपाठ चौथं विजेतेपद मिळवलं. दादाने फोनवर लेकीची तक्रार केली: नातवाच्या घरच्यांबरोबर तिचीही पुढच्या हंगामाची मेंबरशिप भरायची म्हणून ती हटून बसली होती. “अगं, पेनरिथला सरळ गाडी जाते, गाडी बदलायचीसुद्धा गरज नाही,” असं त्याने तिला समजावून पाहिलं. पैसे भरले म्हणे शेवटी. आजींनी सांगून ठेवलंय, पोरीला केशरी पुरे झालं, आता काळा-पांढरा मफलर मी विणते.