जांघेतलं गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठतं?

"डॉक्टर, ट्यूब लावतो तोवर बरं असतं, सोडली की पुन्हा सुरू. असं का?" त्वचारोगाचा दवाखाना चालवताना पुरुषांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. बऱ्याचदा तो येतो सोबतच्या माणसाला बाहेर पाठवून, हळू आवाजात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आधी ती ट्यूब बघू. खिशातून निघते तेव्हा ती तळापासून गुंडाळत आणलेली असते. बारीक अक्षरांत तीन-चार औषधांची नावं: एक बुरशीवरचं, एखादं जंतूंवरचं आणि बहुतेक वेळा क्लोबेटासोल. हे क्लोबेटासोल म्हणजे जबर स्टिरॉइड. गजकर्ण हा बुरशीचाच रोग. बुरशी लागली की शरीर तिच्याशी झगडतं, त्यातून लाली आणि खाज येते. स्टिरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी निवांत पसरते. त्यात जांघेची कातडी पातळ, औषध तिथे जास्त मुरतं. काही महिने हे चाललं की कातडीवर जांभळट चरे पडतात, ते पूर्ण जात नाहीत. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की हीच हातात पडते, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरं कारण बुरशीतच आहे. आपल्याकडे आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी फार दिसते, आणि टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून मित्राला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. चट्ट्याची कड हलकेच खरवडून तो भुगा मायक्रोस्कोपखाली बघितला की बुरशीचे धागे दिसतात. तपासणी साधी आहे, दुखत नाही.

उपचार आठवड्यांचा असतो, दिवसांचा नाही. डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवायचं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचाही उपचार एकाच वेळी, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते. टॉवेल वेगळा. अंडरवेअर सुती आणि सैल. पावसाळ्यात दोरीवर दमट राहिलेली तशीच घालू नका, इस्त्री फिरवून पूर्ण वाळवा. लिंबू, लसूण चोळू नका, कातडी भाजते.

गजकर्णाची कड उचललेली असते, मधला भाग निवळलेला, आणि अंडकोषांवर ते सहसा येत नाही. शिश्नाच्या टोकावरच लाली, पांढरा थर, कातडीला चिरा असं असेल तर ती बहुधा कँडिडा, म्हणजे वेगळ्या प्रकारची बुरशी. अशा वेळी मी रक्तातली साखर तपासायला सांगतोच. कित्येकांना मधुमेह आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही हा त्रास होतो, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, विचारा.

आणि प्रत्येक चट्टा बुरशीचा नसतो. सोरायसिस असतो, खरूज असते, साबणाची अ‍ॅलर्जी असते. शिश्नावरचा लाल चट्टा किंवा जखम उपचार करूनही काही आठवडे हटत नसेल, तर जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागतो, कारण क्वचित तिथे कर्करोगाची सुरुवात असते. तेवढ्यासाठी तरी लाज बाजूला ठेवून या.