माउंट मॅडोनातला तिसरा कॅम्प: एक चूल, चौदा वांगी

या मोसमातला आमचा तिसरा गट-कॅम्प गेल्या शुक्रवार ते रविवार झाला. माणसं २६, तंबू ७, मुक्काम दोन रात्री. जागा पुन्हा तीच, कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयच्या वरचं माउंट मॅडोना काउंटी पार्क. सॅन होजेहून साधारण तासाभराचा रस्ता. हेकर पासची वळणं चढायला लागलो की वाळल्या गवताचे पिवळे डोंगर मागे पडतात आणि रेडवूडचं, म्हणजे उंचच उंच सूचिपर्णी झाडांचं, दाट, गार रान लागतं. बे एरियात एवढ्या जवळ, गटाला एकत्र राहता येईल अशी रेडवूडखालची जागा मला फार आवडते. फक्त बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं.

पहिल्या कॅम्पला पहाटे चार वाजता आम्ही सगळे पाऊस आला म्हणून उठलो होतो. जुलैत इथे पाऊस कुठला! मॉन्टेरेच्या उपसागरावरून चढलेलं धुकं रेडवूडच्या बारीक पानांवर साचतं आणि रात्रभर टपटपत राहतं. कोरड्या उन्हाळ्यात ही झाडं बऱ्याच अंशी त्याच पाण्यावर तगतात. आमचं सरपण, बाहेर काढलेले बूट आणि तांदळाची पिशवी मात्र भिजली. तेव्हापासून आकाश कितीही निरभ्र असलं तरी तंबूवर रेनफ्लाय, म्हणजे पावसाचं आच्छादन, चढवल्याशिवाय कोणी झोपत नाही. स्वयंपाकाच्या जागेवरची ताडपत्रीही एका बाजूला हातभर खाली बांधतो, म्हणजे पाणी मधोमध साचत नाही.

दुसऱ्या कॅम्पला प्रत्येक घराने आपापला स्टोव्ह आणला. सात ठिकाणी फोडणी, सात ठिकाणी भांडी, आणि जेवायला कोणीच एकत्र नाही. ते मला फार लागलं. म्हणून या वेळी चूल एकच ठेवायची असं ठरवलं. दोन शेगड्यांचा प्रोपेन स्टोव्ह आणि दोन मोठी पातेली, एवढंच. शुक्रवारी रात्री खिचडी: २ किलो तांदूळ, १ किलो मूगडाळ. २६ जणांना पुरून सकाळी मुलांना वाटीवाटी उरली. तांदूळ-डाळ घरूनच धुऊन, वाळवून, मसाला वेगळ्या पुडीत बांधून आणली होती. अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात मोजमाप करावं लागलं नाही. कॅम्पवरचं निम्मं काम घरच्या ओट्यावर होतं, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

शनिवारी भरीत. बाबा जळगावहून आलेत. खानदेशात भरताची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, तेव्हा ते काटक्या गोळा करायला निघालेच. त्यांना थांबवावं लागलं. रानातलं पडलेलं लाकूडही इथे उचलायचं नाही, आणि घरचं लांबून आणायचं नाही. या डोंगरांत टॅनओकची झाडं ‘सडन ओक डेथ’ नावाच्या रोगाने उभी वाळतायत. लाकडातून असे रोग आणि किडी एका रानातून दुसऱ्या रानात जातात. बाबांना कारण लगेच पटलं, कापसावरची बोंडअळी त्यांनी पाहिलीय. जवळच विकत घेतलेल्या लाकडांचे निखारे केले, वांगी थेट त्यावर. धुराचा वास पऱ्हाट्यांचा नव्हता, पण साल अगदी तशीच काळी होऊन फुटली. आगबंदी असली तर हे जमत नाही, म्हणून पर्यायी बेत तयार ठेवा. २०२० साली याच सांताक्रूझ डोंगरांत केवढा मोठा वणवा लागला होता, ते आठवत असेलच.

पायवाटेवर पॉइझन ओकची ओळख मी मुलांना करून देतो: एका देठावर तीन पानं, कधी लालसर. मोठ्यांना समजावायला या वेळी सोपा दाखला सापडला. हे झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, आंबाही त्यातलाच. ‘बिबा उततो तसं उततं’ म्हटल्यावर आज्या नातवंडांचे हात धरूनच चालल्या.

एकोणिसाव्या शतकातला गुरांचा बडा मालक हेन्री मिलर याच्या उन्हाळी घराचे दगडी अवशेष पाहून परतताना बाबा एका ठिकाणी थांबले. मधे कुजलेला प्रचंड बुंधा, भोवती गोलाकार उभे अकरा रेडवूड. या डोंगरांतली जुनी झाडं एकोणिसाव्या शतकात लाकडासाठी तोडली गेली आणि बुंध्यांच्या तळातून नवे फुटवे आले, तेच आता एवढे झालेत. बाबा म्हणाले, “हे तर केळीचे मुनवे.” मी तीन कॅम्प त्या वर्तुळाजवळून गेलो होतो, मला ते सुचलं नव्हतं.

रात्री दहाला शांतता, हा नियम या खेपेला पाळला गेला. कारण नऊलाच भांडी घासून, सगळं खाणं गाड्यांत बंद करून झालं होतं. मागच्या वेळी रॅकूनने पोळ्यांचा डबा उघडून अख्खी चळत नेली होती.

पुढचा कॅम्प ऑक्टोबरात, माउंट हॅमिल्टनच्या रस्त्यावरच्या जोसेफ ग्रँट काउंटी पार्कात. तिथे ओकचं उघडं रान आणि वर लिक वेधशाळा, त्यामुळे तारे बघायचे आहेत. आणखी एक परात न्यायची. आणि २६ जणांना १४ वांगी कमी पडली, १८ घ्यायची.